मनीषा पुण्याला गेली असती तर

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होतो. "काका, मनीषाचे वडील का? लवकर या." एवढंच बोलला माणूस. मी हात न धुता ऑटोत बसलो. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटांवरची कणीक वाळली होती आणि माझी लेक गेली होती. उसाच्या ट्रॅक्टरनं तिची स्कूटी उडवली... इथंच नांदेडात, घरापासून दोन चौकांवर. सात आठवडे झाले.

मी लग्नाकार्यातला आचारी. चौथी शिकलो. मला गोड लिहिता येत नाही, बोलता तर कधीच आलं नाही. तिची आई कौसल्या गेली, तेव्हा शिरूर अनंतपाळचं घर बंद करून मनीषानं मला नांदेडला आणलं. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची, कॉम्प्युटरचं. मी म्हणायचो, "दिवसभर त्यात काय बघून राहिलीस?" ती म्हणायची, "तुम्ही पातेल्यात बघायचात की, तेच."

गेल्या वर्षी तिचं एक काम अडलं. विम्याचं कुठलंसं मोठं सॉफ्टवेअर, रोज सकाळी नव्यानं चालू करायचे आणि ते चालू होता होताच बंद पडायचं. मनीषाच्या लॅपटॉपवर मात्र सुरळीत चालायचं. साहेबानं सांगितलं, शुक्रवारपर्यंत दोष सापडला नाही तर घरून काम बंद, कायमचं पुण्याला या. जेवताना ती मला हे बोलली. मी म्हणालो, "जा की मग. मी काय लहान लेकरू हाय का?" म्हणालो खरं... पण भाकरी ताटातच राहिली.

गुरुवारी दुपारी ती कपाळ धरून बसलेली. चहा ठेवला आणि म्हणालो, मला समजंल असं सांग. तिनं सांगितलं, की त्यात प्रत्येक भाग आपलं सामान आपण आणत नाही. वर एक मुकादम असतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तो आधी भाग तयार करतो, मग त्याला लागेल ते त्याच्या हातात देतो. "मुकादम देतोय, अण्णा. मी दहादा बघितलं. तरी ह्या एका भागाचा हात रिकामाच."

"तो भाग आपला हात बघतोय कधी?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, तुझ्याच जन्माच्या दाखल्यासारखं. तू जन्मलीस तशी नर्सबाईनं रजिस्टर काढलं. नाव काय? म्हणलं, बाई, नाव बाराव्या दिवशी आत्या ठेवती, आणि माझी बहीण हाय तिकडं इस्लापूरला. नर्सबाईनं जागा कोरी सोडली. शाळेत घालायच्या वेळी दाखला काढला, तर नावच न्हाई! आत्यानं ठेवलं नव्हतं का? ठेवलं होतं. बाई आधीच विचारून मोकळी झाली."

मनीषानं "थांबा, थांबा" म्हणत लॅपटॉप ओढला. बराच वेळ खाली वर करत राहिली. "अण्णा, हा भाग जन्मता जन्मताच शेजारच्या भागाकडं सामान मागतोय! माझ्या लॅपटॉपवर तो सगळ्यांच्या शेवटी उठतो, तवर शेजाऱ्याला सामान मिळालेलं असतं. तिथं कंपनीत सगळ्यात आधी उठतोय." तिनं ते मागणं तिथून काढलं आणि बारसं उरकल्यावर, म्हणजे सगळ्यांना सगळं मिळाल्यावर, करायला लावलं. शुक्रवारी सकाळी ते बंद पडलं नाही. "कंपनीत लावू का तुम्हाला?" म्हणाली. "भांडी घासायला का?" मी म्हणालो. पुण्याचं जाणं रद्द झालं. सण ना वार, मी पुरण घातलं.

आता त्या पुरणाची आठवणही नको वाटते. मी त्या गुरुवारी तोंड मिटून बसलो असतो तर मनीषा पुण्याला असती. जिती असती. हे कोणापाशी बोलायचं? भिंतीपाशी?

मागच्या आठवड्यात लातूरची शबाना आली, मनीषासोबत काम करणारी. कंपनीचा लॅपटॉप न्यायला. तिच्यापुढं सगळं बोलून गेलो. त्या पोरीनं लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "काका, मनीषानं आदल्या दिवशीच, बुधवारी, साहेबाला लिहून दिलं होतं. दोष सापडो न सापडो, नोकरी गेली तरी मी नांदेड सोडणार नाही म्हणून. आधी मला वाचायला पाठवलं होतं."

"मला का न्हाई सांगितलं मग?"

"तुम्ही जा म्हणालात ना तिला. ती म्हणाली, अण्णांना खोटं बोलायला लई जड गेलंय, राहू दे त्यांचं खरं."

ओझं उतरायला पाहिजे होतं. उतरलं नाही, दुसरीकडं बसलं. माझ्या बोलण्यानं राहिली नव्हती, माझ्यासाठी राहिली होती. आणि "जाऊ नको" हे दोन शब्द मी तिला एकदाही म्हणालो नाही.

रोज सकाळी साडेनऊ ते दहा तिची मीटिंग असायची. तेवढा वेळ मी मिक्सर लावायचो नाही, कुकर चढवायचो नाही. एकदा चुकून शिट्टी झाली, तर बाहेर येऊन म्हणाली, "पुण्यात सगळ्यांना कळलं, आज आमच्याकडं डाळ हाय." अजूनही साडेनऊला गॅस बंद करतो. तिच्या खोलीचं दार ओढून घेतो आणि बाहेर बसतो, आवाज न करता. दहा वाजले की कुकर लावतो. हजार माणसांच्या पंगतीत माझा अंदाज कधी चुकला नाही... एकाची डाळ मात्र रोज उरते.