मोठ्या मावशींनी लिहायला घेतलेलं पत्र

काम टाळण्यासाठी माणसं झोपतात, गावाला जातात, फारच झालं तर आजारी पडतात. पण एक काम टाळण्यासाठी दुसरी पन्नास कामं उरकणारी व्यक्ती मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मोठी मावशी निघाली. अमरावतीला मुलींच्या एका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. "गृहपाठ उद्या आणते," म्हणणाऱ्या मुलीला "उद्या म्हणजे कोणता वार?" एवढंच विचारून रडवण्याची त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर त्या अकोल्यात जठारपेठेत आमच्या शेजारी राहायला आल्या आणि सबंध गल्लीचं लेखन आपोआप त्यांच्याकडे गेलं. नळाच्या तक्रारीचा अर्ज असो की मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर, सांगणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत कागद तयार. स्वतःच्या धाकट्या बहिणीला चार ओळींचं एक पत्र लिहायला मात्र त्यांना दोन वर्षं लागली.

ही धाकटी बहीण म्हणजे आमच्या लहान मावशी, चांदूर बाजारजवळ शेतावर राहणाऱ्या. शाळा सातवीपर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान पार गेले, यंत्र लावूनही उपयोग होईना. रोजचा फोन बंद झाला, तेव्हा त्यांनी कधी नव्हे ते बहिणीला पत्र लिहिलं: आता मले काहीच ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. मोठ्या मावशींनी ते डोळे पुसत वाचलं, आणि वाचता वाचता सवयीने हात लाल पेनकडे गेला. एकोणीस चुका निघाल्या. बरं, तेवढ्यावर थांबावं, तर उत्तर पाठवताना ते तपासलेलं पत्रही त्याच पाकिटात घातलं. "शिकेल तेवढीच," असं माझ्या बायकोला वर कौतुकाने सांगितलं. चांदूर बाजारहून पुन्हा ओळ आली नाही. आपण काय करून बसलो ते मावशींना कळायला महिना लागला. कळल्यावर मात्र त्यांनी लगेच ठरवलं, येत्या रविवारी माफीचं पत्र लिहायचं.

त्या रविवारी टेबल डुगडुगतं असं लक्षात आलं. सुताराने पाय नीट केला तर उजेड उजवीकडून येतो असं निघालं, म्हणून टेबल फिरवलं. टेबल फिरवल्यावर मागच्या भिंतीचे पोपडे उघडे पडले, म्हणून भिंत रंगवली. एका भिंतीमुळे उरलेल्या तीन वाईट दिसू लागल्या. उन्हाळ्यात म्हणायच्या, "या तापीत मजकूर सुचते काय कोणाले?" दिवाळीत म्हणायच्या, सणासुदीला रडकं पत्र बरं दिसत नाही. बाकीच्या रविवारी त्या कागद समोर घेऊन बसत आणि पाच मिनिटांत आमच्या स्वयंपाकघरात येऊन विचारत, "तूर निवडायची राहिली काय वं?" त्या दोन वर्षांत आमच्या घरचं धान्य आम्ही एकदाही निवडलं नाही. गहू, तूर, ज्वारी सगळं स्वच्छ. शेवटी शेवटी त्या निवडलेलंच पुन्हा निवडत असाव्यात असा मला संशय आहे.

एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, अडतं कुठे?"

"मायन्यातच अडते ना, जावईबापू. धाकट्या बहिणीले 'अनेक आशीर्वाद' लिहावं लागते. वर आशीर्वाद अन् खाली माफी, हे एका कागदावर बसते काय?"

"मग जाऊनच या ना. गाडीने अडीच-तीन तासांचा तर रस्ता आहे."

"जाऊन बोलू काय? तिले ऐकू येत नाही." मग ताटलीतला एक खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, "अन् मले बोलता येणार नाही."

भाच्याच्या, म्हणजे लहान मावशींच्या मुलाच्या, मोबाइलवर निरोप धाडायचं सुचवलं, तेव्हा तर त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

यंदा हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या भाच्याचाच फोन आला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पुढल्या आठवड्यात ऑपरेशन. सध्या फक्त ठळक अक्षर दिसतं. मोठ्या मावशींनी फोन ठेवला, आमच्याकडे आल्या आणि सुपात मूग ओतले. बायकोने त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं. मी इतक्या वर्षांत तिला मावशीवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"कान गेले, आता डोळे जाऊन राहिले तिचे. तू काहून बसली अजून?"

"चांगलं लिवता येत नाही वं मले," मावशी म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज नव्हता तो.

"मग खराब लिही. लहानपणी भांडून झाल्यावर बोलायच्या तसं लिही. तुह्या चुका मी पाहीन."

बायकोने जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून त्याची कोरी बाजू वर केली, खोक्यांवर नावं टाकायचा जाड काळा मार्कर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः समोर बसून राहिली. मार्कर जाड, अक्षरं बोटभर उंचीची; त्यात मायना मावणारच नव्हता. मावशींनी तो तसाच सोडून दिला. "माह्यं चुकलं. तुह्यं पत्र चांगलं होतं. मी मूर्ख." पान भरलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. मग त्यांनी ते वाचलं, 'मूर्ख'वरचा रफार भलत्याच जागी पडलेला त्यांना दिसला, बोट त्यावर टेकलं. "राहू दे," त्या म्हणाल्या आणि पानाची घडी घालून माझ्या हातात दिली. "पोष्ट बंद व्हायच्या आत जा." मी चपला न शोधता बायकोच्याच घालून निघालो.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी काळा चष्मा लावलेल्या लहान मावशी मुलासोबत आमच्या फाटकातून आत आल्या. मोठ्या मावशी उभ्या राहिल्या, पण पाऊल पुढे पडेना.

"एवढ्याशाले दोन वर्सं लागते काय वं?" लहान मावशी गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या. कान गेल्यापासून त्यांचा आवाज वाढला होता. मोठ्या मावशींनी जवळचा कागद ओढून त्यावर भलंमोठं 'हो' लिहिलं आणि तो त्यांच्यापुढे धरला. मग दोघी हसल्या आणि मग रडल्या. आम्ही चहा ठेवायला आत गेलो.

लहान मावशी महिनाभर राहिल्या. त्या तोंडाने बोलायच्या, मोठ्या मावशी मार्करने वहीत उत्तर लिहायच्या. चहाला विचारायचं तरी लिहूनच. पत्राला दोन वर्षं लावणाऱ्या या बाईने महिन्यात सात वह्या संपवल्या. आमचं धान्य तसंच पडून होतं, बायकोला त्यात किडे सापडले, आणि तरी ती खुश होती.

लहान मावशी परत गेल्या त्या दिवशी मी त्या वह्या आवरत होतो. एकच बाजू असलेल्या गप्पा त्या. "साखर कमीच घातली आहे." "तो आता पुण्याला असतो." "मग आई काय म्हणाली?" "मले कोणी सांगितलंच नाही." शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पानभर मोठ्या अक्षरात, फक्त दोन शब्द आहेत: "मले बी."

त्याच्या आधी लहान मावशी काय म्हणाल्या होत्या, ते वहीत नाही.