चंद्रभागेचं रक्त

अंबूताई धारवाडच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा भावाच्या घरी नुसतं राबत बसण्यापेक्षा त्यांनी हे काम शिकून घेतलं. हात इतका हलका, की सुई काढल्यावर पोरं विचारत, "टोचलं?"

१९३८ साली डॉक्टर शेषगिरी त्यांना अळणावरजवळच्या एका वाडीवर घेऊन गेले. तिथली पोरं जंतांनी बेजार होती. जंत झालेल्या पोराचं रक्त त्यांच्याशी झगडायला काही तयार करतं का, याचा डॉक्टरांना ध्यास लागला होता. रक्तावरचं पिवळसर पाणी काढून ते त्यात जंतांचा अर्क घालत. पाणी जितकं गढूळ होई, तितका झगडा मोठा.

"आज रक्त घ्यायचं, दीड महिन्यानं पुन्हा. मधे औषध दिलं तर सगळं वाया जाईल," डॉक्टर म्हणाले.

अंबूताईंना हे पटलं नाही. तरी त्यांनी सुया उकळायला ठेवल्या.

वाडीतल्या शेवंताची सहा वर्षांची चंद्रभागा आपणहून पुढं आली.

"औषद कवा देनार, अक्का?" शेवंतानं विचारलं.

"पुढच्या खेपेला. मी स्वतः आणते."

पाचव्या आठवड्यात शेवंताचा नवरा लक्ष्मण पोरीला बैलगाडीत घालून दवाखान्यात आला. पोट दगडासारखं, उलटीतून जंत पडत होते. जंतांच्या गोळ्यानं आतडंच बंद झालं होतं. दुपारी अंबूताईंच्या मांडीवर ती गेली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी दवाखान्यात आणल्यावर घेतलेल्या तिच्या रक्ताची नळी उजेडात धरली. "इतकं गढूळ मी कधी पाहिलं नाही. केवढी झगडली पोर!"

"आणि आपण बघत बसलो," अंबूताई म्हणाल्या. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली.

जंतांच्या औषधाच्या पुड्या घेऊन त्या दुसऱ्याच दिवशी वाडीवर गेल्या. बायांनी पोरं आत ओढली. शेवंताच्या कडेवर धाकटा होता. त्याचंही पोट टरटरलेलं.

"याला तरी दे गं," अंबूताईंनी पुडी पुढं केली.

"बेड, अक्का. नको," असं कानडीत नि मराठीत म्हणत शेवंतानं दार लावलं.

त्या तीनदा गेल्या. पुड्या तशाच परत आल्या. मग डॉक्टरांची बदली झाली.

पुढच्या पावसाळ्यानंतर लक्ष्मण बाजारात भेटला. धाकटाही गेला होता.

"तुमचं औषद घ्याया पायजे हुतं, अक्का. आमीच चुकलो," तो म्हणाला.

पहिल्यांदा औषध आपणच अडवून धरलं होतं, हे सांगायला अंबूताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. लक्ष्मण वाकून नमस्कार करून गर्दीत निघून गेला.