पोत्यांच्या खोलीतलं गाणं

माझा आवाज आमच्या कोंढा गावाच्या बाहेर गेला तो भोंगेमामामुळे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे घडलं ते वाचून कुणी त्याला नावं ठेवू नयेत. मी आठवीत शाळा सोडली, इथे पुण्यात एका मेसमध्ये पोळ्या लाटते, लिहायची मला सवय नाही. पण एवढं खात्रीनं सांगते, की माणसाच्या आवाजावर इतका विश्वास आणि माणसाच्या कानांवर इतका अविश्वास असलेला मनुष्य आमच्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. तो माझ्या आईचा चुलतभाऊ. लग्न असो, भागवत असो, की दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई असो, कोंढ्यापासून अड्याळपर्यंत भोंगे बांधायला तोच. त्याच्या मते देवानं माणसाचं तोंड सावकाश घडवलं आणि कान मात्र घाईत चिकटवले, म्हणून मधली कसर भरून काढायला एक भोंगेवाला जन्माला घालावा लागला.

माइक तपासताना सारं जग एक-दोन-तीन म्हणतं. मामा गावांची नावं घ्यायचा. अड्याळ, कोंढा, पवनी, भंडारा, अशी सावकाश, एस.टी.चा कंडक्टर घेतो तशी. कुणी हसलं तर म्हणायचा, "माइकले का हिशेब कराचा हाय? कुठवर जाचं हाय थे सांगा त्याले." पाऊस आला की अंगातला सदरा काढून तो अ‍ॅम्प्लिफायरवर पांघरायचा आणि स्वतः बनियनवर भिजत उभा राहायचा. गाणं सुरू झालं की पहिल्या ओळीलाच मांडवातून नाहीसा व्हायचा. थेट गावाच्या शेवटच्या घरी जायचा. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. तिच्या दाराशी उभा राहून तो विचारायचा, आजी, आयकू येते का? म्हातारीला नीट ऐकू आलेलं असायचं, तरी ती नाही म्हणायची. नाही म्हटलं की मामा धावत जाऊन आवाज वाढवायचा आणि पुन्हा विचारायला यायचा, आणि तिच्या दारात दिवसभरात दुसरं कुणी येत नसे.

अशा माणसाला बायको मिळाली ती अशी, की तिचं बोलणं शेजारच्या पाटावर बसलेल्यालाही पुरतं ऐकू जाऊ नये. मामी रागावली होती हे मामाला बहुतेक दुसऱ्या दिवशी समजायचं. पण रोवणीला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायच्या दिवसांत, ओळीच्या टोकाला उभी राहून ती गाणी म्हणायची तेव्हा बाकीच्या बाया आपसातलं बोलणं थांबवायच्या. मला गाणं शिकवलं ते तिनं. शिकवलं म्हणजे काय, मी चुकले की ती गप्प व्हायची. बरोबर म्हणेपर्यंत गप्पच राहायची.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी नागपूरला निवड होती. मामा मला टेम्पोतून घेऊन गेला. माझी निवड झाली, मुंबईला बोलावणं आलं, आईनं बॅग भरली, आणि चार दिवसांत सगळा देश बंद झाला. मला वाटलं, संपलं. मला नेहमी तसंच वाटतं. पण महिना-दीड महिन्यानं फोन आला, की स्पर्धा बंद नाही. गाणारे आपापल्या घरून गातील, परीक्षक आपापल्या घरून ऐकतील, आणि टीव्हीवर सगळे एकत्र दिसतील. फोनवर एक मुंबईची मॅडम होती. तिनं सांगितलं, एक पेटी येईल, त्यात मोबाईल, दिवा, तिपाई आणि माइक असेल. घरात स्टुडिओ तयार करा.

आमच्या घरात दोन खोल्या, एक गाय आणि माझे बाबा. बाबांचा खोकला गायीपेक्षा मोठा.

पेटी भंडाऱ्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली. रस्त्यावर पोलीस. पण त्या दिवसांत ग्रामपंचायतीनं मामाच्या टेम्पोला पास दिला होता, सूचना सांगत फिरायला. त्या सूचनांचीही एक गंमतच होती. घुमवल्याशिवाय आवाज सोडायचा नाही हा मामाचा नेम. त्यामुळे "घरातच राहा" याचं असं काही घुमून घुमून व्हायचं की पहिल्या दिवशी अर्धं गाव बाहेर आलं, कुणाची वरात निघाली ते बघायला. तर त्या टेम्पोत बसून मामा पेटी आणायला निघाला, आणि पोलिसांनी अडवू नये म्हणून जाता-येता सबंध वाटेवर सूचना सांगत राहिला. जंगलात, रिकाम्या बांधांवर, जिथे माणूस नव्हतं तिथेही. परतला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. पेटी मात्र त्यानं मांडीवर आणली होती.

पेटीतला कागद इंग्रजी होता. मी घाबरले. मामानं तो उलटासुलटा केला, चित्रं बघितली आणि घरभर टाळ्या वाजवत फिरला. टाळी कुठे मरते ते त्याला शोधायचं होतं. ती मेली आमच्या मागच्या खोलीत, जिथे धानाची पोती रचलेली असतात. मामानं पोत्यांच्या तीन भिंती केल्या, वर गोधड्या टांगल्या, आणि मला मधे उभं केलं. पहिलं गाणं गेलं तेव्हा मॅडमनं विचारलं, तुम्ही नागपूरचा एखादा स्टुडिओ घेतलाय का, तसं नियमात बसत नाही. मामानं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, "नाही जी, धान हाय. घरचाच हाय."

दुसरी अडचण शांततेची. जन्मभर गावात आवाज करणारा माणूस आता गावाला गप्प करत फिरू लागला. बैलांच्या घंटांना त्यानं चिंध्या बांधल्या. शेजारची बकरी रेकॉर्डिंगच्या वेळी तळ्याच्या काठच्या पाळीवर नेऊन बांधायचा. आणि गाण्याआधी अर्धा तास टेम्पोतून सगळ्या गल्ल्यांत ओरडून सांगायचा, की गावकऱ्यांनी कृपया आवाज करू नये. लोक म्हणायचे, सगळ्यात जास्त आवाज तर तुझाच हाय गा. त्यावर तो म्हणायचा, थो शेवटचा.

मॅडमचं काम वेगळंच होतं. एके दिवशी तिनं माझ्याकडून दहा सेकंद आनंद, दहा सेकंद काळजी आणि दहा सेकंद रडणं असं आधीच भरून घेतलं. निकाल लागेल तसं त्यातलं जोडायचं म्हणे. मी पोत्यांमधे उभी राहून रडले. मामा दारातून बघत होता. म्हणाला, हे काही पोचत नाही पोरी. मी म्हटलं, पोचायची वेळ न येवो.

तरी मी पुढे जात राहिले. शेवटच्या सहांमध्ये यायला एक गाणं उरलं. त्या एका गाण्यावर सगळं होतं. सहांत आले असते तर पुढच्या फेरीला मुंबईला नेणार होते, हॉटेलात ठेवणार होते. मग पोळ्या लाटायला पुण्याला यायची वेळ आली नसती. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत गाणं पोचलं पाहिजे, न तोडता एका दमात गायलेलं, असा नियम. आमच्याकडून ते पाठवायला तीन-चार तास लागायचे, म्हणजे दुपारच्या आतच गायला हवं. मी मामीचं रोवणीचं गाणं निवडलं.

मामी तेव्हा घरी नव्हती. बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती नागपूरला गेली आणि तिथेच अडकली. परत आली तेव्हा गावानं तिला चौदा दिवस शाळेत ठेवलं. शाळा तळ्याच्या पलीकडे. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई डबा घेऊन जायची, बाकी कुणाला जायची परवानगी नव्हती. मामा रोज सकाळी पाळीवर उभा राहून पलीकडे ओरडायचा, जेवली का, झोप आली का. मामी खिडकीतून काहीतरी उत्तर द्यायची, पण तिचं उत्तर अर्ध्या तळ्यापर्यंतही येत नसे. मामा थोडा वेळ कान देऊन उभा राहायचा आणि घरी यायचा. विचारलं तर सांगायचा, "बरी हाय म्हणते." ती तसं म्हणाली की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी मी गायले. कानात मॅडमनं पाठवलेलं वाद्यांचं रेकॉर्डिंग वाजत होतं, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. इतकं चांगलं मी आधी गायले नव्हते, नंतरही नाही. बाबांनी श्वास रोखून धरला होता, बकरी पाळीवर होती. गाणं संपल्यावर मी मामाला शोधलं तर तो नव्हता. बाबा मोबाईल घेऊन सिग्नलसाठी दारापुढच्या कडुलिंबाखाली बसले.

चारला मॅडमचा फोन आला. गाणं पोचलं होतं, पण मागून अजून एक बाई गातेय, म्हणाली. तुझ्यामागून अर्ध्या मात्रेनं. वरच्या लोकांना वाटतंय तू आधी भरलेलं गाणं लावून नुसते ओठ हलवलेस. मी शपथा घेतल्या. मग बाबांनी वर कौलांकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, भोंगा बांधला हाय.

मामानं पोत्यांच्या फटीत आपला एक माइक लपवला होता. तिथून वायर कौलांवर, कौलांवर भोंगा, आणि भोंग्याचं तोंड तळ्याकडे. माझाच आवाज तळ्यावरून शाळेच्या भिंतीला लागून परत येत होता, आणि ती दुसरी बाई मीच होते.

मॅडम बिचारी चांगली होती. पुन्हा गा, म्हणाली, सहापर्यंत पाठव. मी गायले, पण ते जाता जाता मधेच अडकलं. सहा वाजले तेव्हाही ते मोबाईलवर गोल गोल फिरत होतं. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर मी बाहेर पडले. दाखवलेलं रडणं आधी भरलेलं होतं, दुसऱ्याच दिवसाच्या साडीतलं. खरं रडणं कोंढ्यात झालं, ते कुणी भरून घेतलं नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी मामा भोंगा उतरवायला आला, तेव्हा मी अंगणात सगळ्यांदेखत बोलले. नको ते बोलले. "मामा, तुमी माझं वाटोळं केलं. तुमच्या भोंग्यापुढं तुमाले माणूस दिसत नाही."

तो वायर गुंडाळत होता. कोपर आणि अंगठा यांच्यामधे, अगदी सारखी, एक वेढा इकडचा तिकडे नाही. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "गाणं पोत्यातच मरून रायलं होतं, पोरी." एवढंच. मी दार लावून घेतलं.

मंगळवारी मामीला ताप भरला. शाळेतून थेट भंडाऱ्याला नेलं. ती परत आली नाही, तिला आणूही दिलं नाही. मामा त्या दिवशी टेम्पोत चढला, पासही होता, पण त्यानं टेम्पो सुरूच केला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून अंगणातच बसून राहिला.

आणि त्यानंतर, ज्याचं घर असं रिकामं झालं त्या माणसानं काय करावं? दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो त्या चॅनेलला फोन करू लागला. पेटीवर एक नंबर छापलेला होता, तो लावायचा. पलीकडे यंत्रातली बाई बोलायची, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. मामाला वाटायचं ती खरीच बाई आहे. सिग्नल यायचा त्या कडुलिंबाखाली उभा राहून तो तिला समजावायचा, की बाई, चूक माझी हाय, पोरीची नाही, तिले परत घ्या. ती तिचं तेच म्हणायची. तो म्हणायचा, "तुमचं होऊ द्या आधी, मी थांबतो." असे कितीतरी दिवस. मी ते खिडकीतून बघायचे. राग उतरला होता, पण बाहेर जाऊन त्याच्या हातातून फोन घ्यावा एवढं माझ्यानं झालं नाही. गाड्या सुरू झाल्या तशी मी पुण्याला निघून आले. तो बसथांब्यावर आला होता, पण लांब उभा राहिला.

वर्षभरानं आशाताईचा फोन आला, माझ्या बँकेतल्या खात्याच्या कुठल्याशा कागदासाठी. बोलता बोलता तिनं सांगितलं. मामा त्या शनिवारच्या आदल्या दिवशी तिच्या पाया पडायला वाकला होता, एकदाच शाळेपर्यंत जाऊ दे म्हणून. तिनं नाही म्हटलं. तिचं काय चुकलं? मग शनिवारी गाणं सुरू झालं, तेव्हा ती डबा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात होती. मामी उठून खिडकीशी आली, गज धरून उभी राहिली. डोळे मिटले नाहीत, रडली नाही. दुसऱ्या कडव्याला म्हणाली, घाई करून रायली पोरगी. शेवटी मात्र तिचा हात खाली वाकून रोप लावतो तसा हलत होता, आणि नंतर तिनं डबा पूर्ण खाल्ला. चार दिवसांत पहिल्यांदा.

आशाताईनं विचारलं, मामाले सांगू का? मी म्हटलं, नका सांगू, मीच सांगीन.

का म्हटलं तसं, कोण जाणे. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि मी केला तर तो फोनवर येतच नाही, बाबांच्या हाती देतो. त्याला वाटतं, त्यानं माझं आयुष्य बिघडवलं आणि ते गाणंही कुठे गेलं नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात प्रत्येक दारात जाऊन विचारलं, त्याला हे एकच विचारायला दार उरलं नाही. आणि उत्तर माझ्याजवळ आहे. सुट्टी मिळत नाही, मिळते तेव्हा माझी हिंमत होत नाही, असं करत किती दिवाळ्या गेल्या. रात्री दचकून जाग येते, की मी जाण्याआधीच मामाचं काही झालं तर?

पण जाईन. त्याच्या अंगणात बसेन, आधी त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागेन, मग मामी कुठे उभी होती, काय म्हणाली, डबा कसा संपवला, सगळं सावकाश सांगेन. घाईची तक्रारही सांगेन, ती नाही सांगितली तर त्याला खरं वाटणार नाही. त्यानं माझ्यासाठी केलं त्यातलं फेडता येईल असं माझ्याजवळ एवढंच आहे. मामा, तेवढं तुमाले देईन. ते उत्तर आणल्याशिवाय राहणार नाही.