मावसोबांची आंघोळ

हुलसूरपासून कलबुर्गीपर्यंत आमच्या मावसोबांनी जितक्या घरांत आंघोळ केली, तितक्या घरांत बाकीच्यांनी कधी चहासुद्धा घेतला नसेल. हुलसुरात त्यांचं कापडाचं दुकान. कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी गठ्ठा उतरवून घेतला नाही, आणि हाच नियम त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावला. खुर्ची घ्यायची तर दुकानातच तिच्यावर डुलकी काढून बघत. होणाऱ्या जावयाला त्यांनी भर उन्हात शेतापर्यंत चालवत नेलं होतं. तो कुरकुरला नाही, म्हणून लग्न ठरलं.

तेव्हा पाणी तापवायचं मशीन घ्यायची वेळ आली, ती अशी सहज कशी जाणार? कारण मावशीचं होतं. पूजेआधी घरात सगळ्यांना आंघोळ लागे आणि पहाटे मागच्या अंगणातल्या चुलीवर ती सगळ्यांचं पाणी तापवी. त्या धुरानं तिची छाती भरली. चूल बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. मावसोबांनी त्याच दिवशी शोध सुरू केला. गीझर नको, कारण नेमकी पहाटेच लाईट जाते. सोलर नको, कारण गच्चीवर शेजारच्या चिंचेची सावली. मग बसवकल्याणच्या एका मिस्त्रीनं हीट पंप सुचवला.

"फ्रिज आतली गरमी बाहेर टाकतंय," तो म्हणाला. "हे बाहेरच्या हवेतली गरमी ओढून पाण्यात घालतंय. दुपारी तापवा, टाकीत पहाटेपर्यंत गरम ऱ्हातंय."

"ते बराबर," मावसोबा म्हणाले, "पण अंगाला कळल्याबिगर मी कसं सांगू?"

मग पंचा नि तांब्या पिशवीत घालून ते हिंडू लागले. कुठं हीट पंप बसवल्याचं कळलं की त्या घरचं दार वाजवून गंभीरपणे सांगत, "मी हुलसूरचा. तुमच्या घरी आंघोळ करायची व्हती." कलबुर्गीत एका वकिलांकडे मीही सोबत होतो. तिथं त्यांनी विनंती केली, की आधी घरच्या सगळ्यांनी आंघोळ उरकावी, शेवटचं पाणी आपण घेऊ.

"कामून?" वकिलांनी विचारलं.

"माझी बायको सगळ्याच्या शेवटी आंघोळ करतीय."

 वकिलांनी घरच्यांना एकेक करून न्हाणीत पाठवलं.

असं पाहता पाहता थंडी आली. घरची चूल पेटतच होती. एका पहाटे मावशी चुलीपाशीच कोसळली. श्वास घेता येईना. तिला बीदरला नेलं. दवाखान्याच्या बाकावर मावसोबा हात जुळवून बसले होते.

"चांगलं बघता बघता मी लई वेळ लावलो," ते म्हणाले. 

मावशी सावरली. ती घरी यायच्या आत वकिलांकडं होतं तसंच मशीन बसलं. त्यातून निघणारी थंड हवा उन्हाळ्यात स्वयंपाकघरात वळावी, अशी नळीही मिस्त्रीनं जोडून दिली.

ती परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथंच होतो. सवयीनं ती पहाटे उठली आणि मागच्या अंगणात गेली. पेटवायला काही नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली.

"आता मी काय करू?"

"काय करू नको. बस," म्हणत मावसोबा शेजारी टेकले.

 मग मावशी हळूहळू कोहिनूर गावच्या, तिच्या माहेरच्या गोष्टी सांगू लागली आणि ते मान हलवत ऐकत राहिले. एवढ्या संसारात पहाटेचा हा वेळ दोघांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता, आणि तोवर दोघांचेही केस पांढरे झाले होते.