आधी स्पीकर

बाबांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेला होता. चालतो का बघावं म्हणून मी बटणाकडे हात नेला, तर दुकानातल्या काकांनी मनगटच धरलं.

"आधी स्पीकर जोडू द्या. ओझं नसलं तर हा जळतो."

ओझ्यानं यंत्र जळतं, एवढंच मला ठाऊक होतं. "बिनओझ्याचं कसं जळेल?"

"ताकद घेणारं कुणी नसलं की व्होल्टेज आतच चढत जातं," म्हणत त्यांनी आठ ओहमचा स्पीकर 'आठ' लिहिलेल्याच टोकाला जोडला. झेपेल तेवढंच ओझं. मग बटण दाबलं, तशा व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस झाल्या.

बाबा निवृत्त झाल्यापासून आम्ही त्यांना कसलंच काम सांगत नाही. चिडचिड मात्र वाढलीय त्यांची.

मी तिथूनच फोन लावला. "बाबा, आज भाजी तुम्ही आणाल?"

पलीकडून लगेच आवाज आला, "कुठली आणू?"