काटा थांबू द्या

अन्नपूर्णाताईचं नाव निघालं का मी आजही सरळ होऊन बसतो. वैशाली नगरात एका संस्थेचा फुकट क्लास आहे, इंजिनीअरिंगच्या तयारीचा. तिथली कॉम्प्युटरवरची प्रवेश परीक्षा ताईच सांभाळते. मूळची भंडाऱ्याकडची, आमच्यासारखीच.

माझी रोशनी त्या परीक्षेत पासाच्या रेषेच्या जराशी खाली राहिली. मी चरोद्याच्या रेल्वे यार्डात वॅगन दुरुस्त करतो. दुसरा क्लास आमाले झेपत नाही, म्हणजे पोरीचं इंजिनीअरिंग तिथंच खतम. वरून गेटवर पोरायनं पेपर जुळवून पाहिले, त एकाचे प्रश्न दुसऱ्याशी जुळेच ना. माझं डोकं फिरलं. तसाच आत घुसलो.

"ताई, हे काय चालवून राहिले तुम्ही? माझ्या पोरीले वेगळा पेपर कावून?"

ताई हसली. "बसा भाऊ. उत्तर बरोबर आलं का मशीन कठीण प्रश्न देते, चुकलं का सोपा. पेपर सगळ्यायचा वेगळाच निघते. गुण देताना ते कठीण-सोपं धरूनच देते."

"मंग तो गुण पक्का कशावरून?"

आता ताईचं हसू गेलं. स्क्रीनवर गुणाच्या बाजूले बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता. हा गुण किती वर-खाली असू शकते, ते मशीन स्वतःच सांगते म्हणे. रोशनीचा तो आकडा चांगलाच मोठा होता.

"भाजीवाल्याचा काटा हलून राहिला असताना वजन वाचता काय तुम्ही? इथं ठरलेले प्रश्न संपले का परीक्षा बंद. हिचा काटा थांबलाच नव्हता."

मले वाटलं, झालं आपलं काम, आता ताई गुपचूप दोन गुण वाढवून देईन. छ्या! ती मले घेऊन मोठ्या सरापाशीच गेली. सर म्हणे, "मॅडम, पूरे टेस्ट का भरोसा अच्छा आया है. एवरेज देखिए." म्हणजे सगळ्या पोरायचा मिळून हिशेब पक्का आहे, असं त्याचं म्हणणं.

ताईनं त्याले तिथंच झाडलं. "एडमिशन क्या एवरेज को देना है, सर? बच्चे को देना है." ज्यायचा काटा रेषेच्या आरपार हलते, त्या सगळ्यायले आणखी प्रश्न द्या म्हणे. काय बाई आहे बापा! सराले मानावंच लागलं.

आयतवारी ती पोरं पुन्हा बसली. त्यात ताईची पोरगी समीक्षा पाहून मी चमकलोच. ती त पास झाली होती, रेषेच्या जराशी वर.

काटे थांबले, तवा रोशनी वर गेली न समीक्षा खाली आली. ताईनं दोघींचे निकाल एकाच आवाजात वाचले.

मी रोशनीसंगं पेढे घेऊन गेलो, पण समीक्षा ताईच्या बाजूलेच उभी होती, हात पुढं होईना. "ताई, समीक्षाले कावून बसवलं? तुम्हाले कोणी विचारलं नसतं."

"खालच्यायले पुन्हा मोजायचं न वरच्यायले सोडायचं, हे मले जमत नाही भाऊ." मंग तिनंच डबा उघडला, एक पेढा समीक्षाच्या हातात दिला. "जा, रोशनीले खाऊ घाल."

समीक्षानं डोळे पुसले न माझ्या पोरीच्या तोंडात पेढा घातला. मले काही रडू आवरलं नाही.