जाळीचे वळ

ती घटना मनात आली की आधी पांढरा धूर दिसतो. डीप फ्रीजरचं झाकण उघडल्यावर निघतो तो. त्यात पंचनाम्याचे पंच, खाणावळीचा शेठ, मी, सगळे तरंगत असल्यासारखे. हल्ली दुपारी डोळा लागला की मी तिथेच जाऊन पोचतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी अंबरनाथला हवालदार होतो. एमआयडीसीजवळच्या एका खाणावळीत शनिवारी दुपारी खिमा खाऊन अकरा कामगार उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. एकाला सलाईन लावूनही शुद्ध नव्हती. समोरच्या पानवाल्याने खबर दिली, "सकाळी आचारी शेठवर ओरडत होता. जाम भांडण झालं." बस, आचाऱ्याला उचलला. विष घातल्याचा संशय. तो कामगार गेला असता तर आचारी खुनाच्या कलमात अडकणार होता.

पंचनाम्यात मीच लिहिलं : शिजवलेला खिमा, प्लास्टिकच्या पिशव्यांत, गोठलेला, चपटा, खालून फ्रीजरच्या जाळीचे वळ. लिहिलं आणि विसरलो.

आचारी कोकणातला, पन्नाशीचा. बायको त्याची व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती.

"काय टाकलंस खिम्यात?"

"काय नाय साहेब. गुरुवारी शिजवला, गोल डब्यांत गोठवला, ते गोळे पिशव्यांत भरले. शनिवारी बघतो तर चप..."

"विचारलं तेवढंच बोल!" एक ठेवून दिली. तो गप्प झाला तो झालाच.

घरी जेवायला बसलो. हिला सगळं सांगायची खोड होती मला. भाकरी थापता थापता ही म्हणाली, "अहो, गोल गोळा चपटा कसा झाला? मधे वितळला असणार. वितळून जाळीवर पसरला, परत गोठला."

"वितळेल कसा? फ्रीजर चालू होता."

"शुक्रवारी पण? तिकडे शुक्रवारी लाईट नसते ना?"

घास हातातच राहिला. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, वीज दिवसभर बंद. आचारीही रजेवर.

"आणि म्हणे हवालदार!" असं म्हणून ही हसली. ते हसणं अजून ऐकू येतं. चेहरा मात्र जागेपणी नीट आठवत नाही, झोपेत येतो.

शेठला बोलावला. "शुक्रवारी खिमा मऊ झाला होता?"

"झाला होता साहेब, झूठ नाही बोलणार. पण संध्याकाळी लाईट आली, सकाळी एकदम पत्थर! बर्फ झालेला माल खराब कसा होणार?"

"भांडण कशावरून?"

शेठने मान खाली घातली. "तो बोलला, फेकून द्या. मी बोललो, नखरे नको, गरम कर. गिऱ्हाईक बसलं होतं. वरून वाफ आली, वाढला."

पुढे तपासणीचा अहवालही तसाच आला. विष नव्हतं, माल नासलेला होता. शेठवर हलगर्जीपणाचा गुन्हा लागला.

घरात काय, हॉटेलात काय, माझं एकच सांगणं. लाईट जाऊन माल दिवसभर मऊ पडला असेल तर फेका. परत दगड झाला म्हणून तो चांगला होत नाही, आणि नासलेला माल उकळून सुधरत नाही. चांगला असेल तोही वरवर नाही, आतपर्यंत कढत करा. शिजवलेलं घमेलंभर एकत्र गोठवू नका, लहान डब्यांत भरा. आणि गोठलेल्या मालाचा आकार बदलला तर का बदलला ते विचारा. मी विचारलं नाही. माणूस तोंड उघडत होता आणि मी त्याच्या तोंडात मारली.

सोमवारी आचाऱ्याला सोडला. बायको उठून उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, द्यायलाच हव्या होत्या. तो दारात थांबला.

"साहेब, त्या माणसाला शुद्ध आली काय?"

"आली. सकाळी पेज प्यायला."

त्याने हात जोडले, मला नाही, कुठेतरी वर बघून. मीही दोन दिवस इस्पितळात तेच विचारत होतो. पण कोणतं कलम लावायचं, तेवढ्यासाठी.